अ‍ॅप आलं, पुढं काय झालं? डिजिटल आरोग्याच्या अंमलबजावणीवर अभ्यास कसा करायचा

पुण्यात सध्या आरोग्याच्या अ‍ॅपवर रिसर्च करायचाय म्हणणारे खूप जण भेटतात, कुणी एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थमधली मास्टर्स, करतंय, कुणी बीएएमएस करून पब्लिक हेल्थकडे वळलंय, कुणी हिंजवडीत नोकरी सांभाळून पीएचडी करतंय, आणि बहुतेकांचा विषय एकाच साच्यातला असतो, "अमुक अ‍ॅपची परिणामकारकता". विषय वाईट नाही, पण त्यातनं एक मोठी गोष्ट निसटते. अ‍ॅप चांगलं की वाईट एवढं कळेल, पण ते रोज सकाळी उपकेंद्रात उघडलं जातं का, कोण उघडतं, कुणाच्या मोबाइलवर, कुणाच्या रिचार्जवर, आणि ते उघडायला लागल्यामुळे आधीचं कुठलं काम मागं पडतं, हे काहीच कळणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे अ‍ॅप अडतात ती या दुसऱ्या प्रश्नांवर अडतात, म्हणून अभ्यासही तिथंच झाला पाहिजे. अ‍ॅपचा नाही, अ‍ॅपभोवती जे काम वाढतं त्याचा. तो कसा करायचा ते जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न बारीक करा. "पुणे जिल्ह्यात टेलिमेडिसिनचा वापर" हा प्रश्न नाही, ते नुसतं शीर्षक झालं. एक तंत्रज्ञान, एक जागा आणि एक काम, तिन्ही धरून प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, ई-संजीवनीवर, म्हणजे दुरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवर, उपकेंद्रातली सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) पेशंटला शेजारी बसवून पलीकडच्या डॉक्टरला कॉल लावते, तर वेल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या उपकेंद्रात हा कॉल लावायचा की पेशंटला सरळ पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, पाठवायचं हे ती कशावरून ठरवते? बघा, आता यात नेटवर्क आलं, पेशंटचा विश्वास आला, पलीकडे डॉक्टर कधी भेटतो ते आलं, कॉलच्या आकड्यावर तिचा कामाचा मोबदला अवलंबून आहे का ते आलं, आणि पाठवलं तर पेशंटला एसटी मिळते का तेही आलं. एवढ्या एका प्रश्नावर पूर्ण डिझर्टेशन होतं.

आणि तंत्रज्ञान म्हणजे फक्त सरकारी अ‍ॅप असं धरू नका. कोथरूड हडपसरमधल्या छोट्या क्लिनिकमध्ये लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, डॉक्टर तिथंच बघून डोस बदलायला सांगतात आणि त्याची नोंद केसपेपरवर कधीच होत नाही, हा सुद्धा डिजिटल आरोग्याचाच विषय आहे, आणि पुण्यासारख्या खासगी दवाखान्यांच्या शहरात तर फार मोठा विषय आहे. टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२० ला आले, त्यात व्हिडिओ, ऑडिओ आणि मेसेज या तिन्ही मार्गांनी सल्ला देण्याबद्दल लिहिलंय, संमती आणि नोंद ठेवण्याबद्दलही लिहिलंय. ते वाचा आणि शेजारच्या क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष काय चालतं ते बघा, विषय तिथंच सापडेल.

प्रश्न सुचला की लगेच प्रश्नावली करायला बसू नका. खूप जणांना हे पटत नाही कारण गाइडला प्रश्नावली दाखवायची घाई असते, पण आधी परवानगी काढून नुसतं जाऊन बसा आणि एका नोंदीचा माग काढा. माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथं जरा थांबते.

समजा तुम्ही बीपी शुगरची तपासणी घेतलीत. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी करायची असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात आशाताई घरोघरी जाऊन सीबॅक हा आजाराचा धोका चाचपण्याचा फॉर्म भरतात, मग उपकेंद्रात बीपी शुगर बघतात, मग पोर्टलवर एन्ट्री, जास्त निघालं तर पीएचसीला रेफर, तिथं निदान आणि गोळ्या, मग दर महिन्याचा फॉलोअप. कागदावर ही सरळ रेघ आहे. आता तुम्ही उपकेंद्रात बसा. सकाळी दहा वाजता एक बाई आल्या, सिस्टरनी मशिनवर बीपी घेतलं, १५२ आणि ९४, आकडा कुठं लिहिला? टेबलावरच्या रजिस्टरमध्ये. टॅब कुठंय? कपाटात, चार्जिंगला. तोवर बाहेर लसीकरणाची दोन मुलं आलेली असतात. दुपारी टॅब उघडला, लॉगिन झालं, नाव शोधलं तर एकाच नावाच्या तीन बायका दिसतात, वडिलांचं की नवऱ्याचं नाव घातलंय ते कळत नाही, आभा नंबर, म्हणजे डिजिटल आरोग्य नोंदींसाठीचा ज्याचा त्याचा नंबर, बाईंना माहीत नाही, मोबाइल नंबर मुलाचा आहे आणि मुलगा चाकणला कंपनीत शिफ्टला आहे म्हणजे ओटीपी मिळणार नाही. मग काय होतं? काही जण नवीन नावानं परत नोंद करतात, काही जण "नंतर बघू" म्हणून रजिस्टरवर पेन्सिलनं खूण करतात, काही जण रात्री घरी जेवणं उरकल्यावर दिवसभराच्या सगळ्या एन्ट्री एकदम मारतात. तुमचा रिसर्च या जागेवर आहे. १५२ हा आकडा मशिनवरनं निघून पोर्टलवर पोचेपर्यंत कुणाकुणाच्या हातातनं गेला, कितीदा लिहिला गेला, कुठं थांबला, कुठं बदलला, आणि पुढच्या महिन्यात त्याच बाई आल्यावर तो कुणी उघडून बघितला का.

हे करताना वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे ठरलेलं काम, म्हणजे ट्रेनिंगच्या पीपीटीत जसं दाखवलंय तसं. उजवीकडे घडणारं काम. दोन्हीत जिथं फरक पडतो तिथं "चुकतात" असं लिहू नका, "असं का करावं लागतं" असं लिहा. पेन्सिलची खूण ही चूक नाहीये, ती त्या सिस्टरनी अ‍ॅपमधली अडचण भागवायला काढलेली पद्धत आहे, आणि अशा पद्धती गोळा केल्या की अ‍ॅप कुठं बदलायला पाहिजे याची यादीच तयार होते.

सुरुवातीचे एक दोन दिवस मोजणीत धरू नका, कारण कुणीतरी बघतंय म्हटलं की टॅब कपाटातनं बाहेर येतो. लोकांना तुमची सवय होऊ द्या, चहा घ्या, रजिस्टरच्या रेघा मारायला मदत करा, मग खरं काम दिसायला लागतं. त्यानंतर स्टॉपवॉच लावून वेळ मोजायचा असेल तर मोजा. समजा एका पेशंटच्या एन्ट्रीला सहा मिनिटं लागतात आणि दिवसाला तीस पेशंट आहेत, तर एकशे ऐंशी मिनिटं म्हणजे तीन तास झाले, आणि हे तीन तास कुठल्या कामातनं काढायचे हे कुठल्याच गाइडलाइनमध्ये लिहिलेलं नसतं. असा साधा हिशोब कधीकधी पन्नास पानी चर्चेपेक्षा जास्त काम करतो, अधिकाऱ्यांना तो लगेच कळतो.

आता फ्रेमवर्क, म्हणजे जे दिसलं ते मांडायची तयार चौकट. गाइड विचारणारच, कुठलं वापरलं म्हणून. या क्षेत्रात चार नावं सारखी ऐकू येतील. सीएफआयआर हे २००९ चं, २०२२ मध्ये सुधारलं, त्यात पाच भाग आहेत, नवी गोष्ट स्वतः, बाहेरची परिस्थिती, संस्थेच्या आतली परिस्थिती, माणसं, आणि अंमलबजावणीची प्रक्रिया. री-एम १९९९ चं, ते मोजायला चांगलं, किती लोकांपर्यंत पोचलं, परिणाम काय, किती संस्थांनी घेतलं, ठरल्याप्रमाणे राबवलं का, आणि टिकलं का. नॉर्मलायझेशन प्रोसेस थिअरी ही रोजच्या कामात एखादी गोष्ट मुरते कशी हे बघते, म्हणजे लोकांना ती कळली का, त्यांनी ती आपली मानली का, सगळ्यांनी मिळून ती केली का, आणि करून बघितल्यावर तिच्याबद्दल त्यांचं काय मत झालं. चौथं नॅस, २०१७ मध्ये ट्रिश ग्रीनहाल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेलं, हे खास आरोग्यातल्या तंत्रज्ञानासाठीच केलेलं आहे. यात सात भाग येतात, आजार, तंत्रज्ञान, त्याचं मोल कुणाला, वापरणारे लोक, संस्था, मोठी व्यवस्था, आणि काळाबरोबर होणारे बदल.

माझा कल नॅसकडे आहे आणि कारण साधं आहे, त्याच्या नावातल्या पहिल्या दोन गोष्टीच न स्वीकारणं आणि सोडून देणं या आहेत. आपल्याकडे सोडून दिलेल्या गोष्टींवर कुणी लिहीत नाही. पायलट म्हणजे प्रायोगिक प्रकल्प संपला, फंडिंग संपलं, टॅब कपाटात गेले, ज्या साहेबांकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड होता त्यांची बदली झाली, आणि पुढच्या वर्षी नवीन पायलट. तुम्हाला शक्य असेल तर एक साइट मुद्दाम अशी घ्या जिथं अ‍ॅप बंद पडलंय. तिथली सिस्टर जे सांगेल ते चालू असलेल्या दहा साइटवर ऐकायला मिळणार नाही. पण काहीही निवडा, एकच निवडा आणि सुरुवातीलाच निवडा, इंटरव्ह्यू झाल्यावर वरनं चिकटवलेलं फ्रेमवर्क परीक्षकाला लगेच दिसतं.

मोजायचं काय हे ठरवताना आठ गोष्टींची एक यादी या क्षेत्रात २०११ पासून वापरतात, लोकांना ते मान्य आहे का, त्यांनी ते घेतलं का, जागेला योग्य आहे का, करणं शक्य आहे का, ठरल्याप्रमाणे होतंय का, किती खोलवर पोचलं, खर्च किती, टिकतंय का. आठही घेऊ नका. एमपीएचच्या वेळेत दोन नीट झाल्या तरी भरपूर.

एक उदाहरण घेऊन बघू म्हणजे हे नुसतं पुस्तकी वाटणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले, पेपरात टीव्हीवर सगळीकडे आलं होतं. त्याच वर्षी पोषण ट्रॅकर हे नवीन अ‍ॅप आलं होतं. तक्रारी काय होत्या, तर मोबाइल निकृष्ट, मेमरी कमी, गरम होतात, बिघडला तर दुरुस्तीचा खर्च अंगावर, आणि नवीन अ‍ॅप इंग्रजीत, मराठीत नाही. आता हे नॅसमध्ये बसवून बघा. तंत्रज्ञानात मोबाइलची मेमरी आली. वापरणाऱ्यांमध्ये भाषा आली, आणि जी सेविका रजिस्टर उत्तम ठेवते तिला इंग्रजी नाव टाइप करताना वाटणारी लाजही आली. मोल कुणाला, तर वर बसलेल्यांना रोजचा आकडा दिसतो पण सेविकेला त्या आकड्याचा काय उपयोग? संस्थेत दुरुस्तीचे पैसे कोण देणार हा प्रश्न. मोठ्या व्यवस्थेत मानधन, संघटना, आंदोलन. बघा, "सेविकांना तंत्रज्ञान जमत नाही" हे वाक्य इथं कुठंच बसत नाही, आणि तुमच्या रिपोर्टमध्येही ते येता कामा नये. प्रतिसाद कमी दिसला की "जनजागृती आणि ट्रेनिंगची गरज" असं लिहून मोकळं व्हायची जी सवय आहे ती मोडा. ट्रेनिंग झाल्यावरही जे अडतं ते ट्रेनिंगनं सुटणार नाही.

परवानग्यांचं बघू, कारण पुण्यात निम्मा वेळ इथं जातो. कुठलं हॉस्पिटल कुणाच्या अखत्यारीत हे आधी समजून घ्या. ससून हे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, बी. जे. मेडिकल कॉलेजला जोडलेलं. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तिथं जिल्हा शल्यचिकित्सक. गावातली पीएचसी आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि खाली तालुका आरोग्य अधिकारी. मंगळवार पेठेतलं कमला नेहरू पुणे मनपाचं, वायसीएम पिंपरी चिंचवड मनपाचं. एका अर्जावर सगळीकडे फिरता येत नाही, आणि एकीकडचं पत्र दुसरीकडे चालत नाही. त्यामुळे पहिल्या अभ्यासात दोनपेक्षा जास्त यंत्रणा घेऊ नका, तुलना मोहक वाटते पण वर्ष त्यातच जातं.

एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, फील्ड नंतर. फक्त कर्मचाऱ्यांशी बोलणार आहे, पेशंट नाहीत, म्हणून लागत नाही असं काही जण सांगतात, ते ऐकू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आरोग्य संशोधनातल्या सगळ्या माणसांचा विचार आहे, आणि आपल्या विषयात तर कर्मचारीच जास्त अडचणीत येऊ शकतात. सीएचओनं सांगितलं की आकडा भरायला घरच्यांच्या नावानं कॉल लावावा लागतो, आणि तुम्ही रिपोर्टमध्ये "तालुका अमुक, उपकेंद्र तमुक" लिहिलं, तर नाव न लिहिताही ती कोण हे सगळ्यांना कळतं, कारण उपकेंद्रात सीएचओ एकच असते. म्हणून गावाचं नाव, उपकेंद्राचं नाव, कधीकधी तालुकाही झाकायला लागतो. तुमच्या कॉलेजात कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी करार करून तिच्याकडे जाता येतं. अभ्यासात तुम्ही काही नवीन देऊन त्याचा परिणाम बघणार असाल, म्हणजे ट्रायल असेल, तर सीटीआरआय या ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करा, आणि ती पहिला सहभागी घेण्याआधीच करावी लागते, १ एप्रिल २०१८ पासून नंतर नोंदवलेली ट्रायल तिथं घेत नाहीत.

डेटाचं वेगळं सांगते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून ठेवा. पण रोजच्या वागण्यातली गोष्ट अशी की टॅबच्या स्क्रीनचा फोटो काढू नका, त्यात पेशंटचं नाव आणि नंबर असतो. स्क्रीनचं चित्र हाताने वहीत काढा किंवा डेमो लॉगिन मागा. आणि पीएचसीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुम्हाला घेतलं तर आनंद आहे, कारण "सर्व्हर डाऊन आहे का?", "माझं सिंक होईना", "आज संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं शंभर टक्के पाहिजे" हे सगळं तिथं मिळतं, पण तो डेटा म्हणून वापरायचा तर ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगून आणि संमती घेऊनच.

फील्डला कधी जायचं हे सुद्धा कामाचं आहे. महिनाअखेर रिपोर्टिंगची असते, तेव्हा कुणी बोलणार नाही, पण बघायला मात्र तीच वेळ चांगली. लसीकरणाच्या दिवशी इंटरव्ह्यू मागू नका. आणि आषाढी वारीच्या दिवसात पालखीमार्गावरचे तालुके विसरा, सासवड, जेजुरी, यवत, बारामती, इंदापूर या भागातली सगळी यंत्रणा वारकऱ्यांच्या सेवेत असते, तेव्हा तुमची प्रश्नावली घेऊन जाणं बरोबर नाही.

इंटरव्ह्यूत सरळ मत विचारलं की सरळ उत्तर येतं, "अ‍ॅप चांगलंय, काही त्रास नाही". तुम्ही वरनं आलाय असंच त्यांना वाटत असतं. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. "सिस्टर, काल शेवटचा जो पेशंट आला त्याची एन्ट्री कधी झाली? कुठं बसून केली? तेव्हा नेट होतं का, का हॉटस्पॉट घेतला? कुणाचा?" अशी विचारपूस केली की उत्तरं आपोआप खरी येतात. आशाताईंशी बोलताना त्यांच्यावर देखरेख करणारी गटप्रवर्तक समोर नको, सिस्टरशी बोलताना डॉक्टर समोर नको. आणि ऑफिसात बसणाऱ्या डेटा एंट्री ऑपरेटरला विसरू नका, कित्येक ठिकाणी सगळ्या अ‍ॅपची सगळ्यात जास्त माहिती त्यालाच असते आणि त्याला कुणी काही विचारत नाही. पेशंटशी बोलायचं असेल तर घरात फोन कुणाकडे असतो तिथपासून सुरू करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात साधारण ५४ टक्केच बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता, त्यामुळे "पेशंटला मेसेज जातो" असं अ‍ॅपवाले म्हणतात तेव्हा तो नक्की कुणाच्या हातात जातो हे विचारणं तुमचं काम आहे.

आकड्यांकडे वळू. डॅशबोर्ड मिळाला की हुरळून जाऊ नका, आकडा कशाचा आहे ते बघा. आभाचंच घ्या. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्यात प्रत्येकाला चौदा आकडी आभा नंबर. गावात अमुक इतके आभा तयार झाले हा आकडा लगेच मिळतो. पण आपला अभ्यास त्याच्या पुढं सुरू होतो. तयार झालेल्यांपैकी किती जणांना आपला आभा आहे हे माहीत आहे? त्यातले किती जण दवाखान्यात येताना नंबर किंवा फोन घेऊन येतात? त्यातल्या किती जणांचा केसपेपर खरोखर आभाला जोडला गेला? आणि जोडलेली जुनी नोंद दुसऱ्या डॉक्टरनं उघडून वाचली असं किती वेळा झालं? पायरी पायरीनं आकडा उतरत जातो, आणि कुठल्या पायरीवर सगळ्यात जास्त गळती आहे तिथं तुमचे इंटरव्ह्यू लावा. म्हणजे आकडे आणि बोलणं एकमेकांना धरून राहतं, नाहीतर प्रकरण चार आकड्यांचं, प्रकरण पाच मुलाखतींचं, आणि दोघांची ओळखच नाही असं होतं.

ओपीडीतल्या क्यूआर कोडचं पण असंच. रांगेत न थांबता कोड स्कॅन करा, माहिती शेअर करा, टोकन घ्या, अशी ती सोय. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीजवळ सकाळी आठ ते अकरा उभं राहा आणि कुणाचा फोन कुणासाठी चालतोय ते बघा. कितीतरी आजी आजोबांचं टोकन दुसऱ्याच कुणाच्या तरी मदतीनं निघतं, सुरक्षारक्षक, मावशी, मागे रांगेत उभा असलेला मुलगा. डॅशबोर्डवर ते "डिजिटल नोंदणी" म्हणूनच दिसतं. ही मदत करणारी माणसं कुठल्याच प्रोजेक्टच्या कागदावर नसतात, ती काढून घेतली तर सोय चालेल का हा खरा अंमलबजावणीचा प्रश्न.

लॉग डेटा मिळाला, म्हणजे एन्ट्री किती वाजता झाली ते, तर सोन्याहून पिवळं. रात्री नऊ ते अकरामध्ये एन्ट्रींचा ढीग दिसला तर काम घरी गेलंय हे लगेच दिसतं. पण एक खबरदारी घ्या. ऑफलाइन चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये एन्ट्री दुपारी केली आणि नेट रात्री मिळालं तर सर्व्हरवर रात्रीची वेळ पडू शकते. म्हणून सिस्टिम कुठली वेळ साठवते, फॉर्म भरल्याची की सिंक झाल्याची, हे तांत्रिक टीमला आधी विचारा. हा एक प्रश्न न विचारता काढलेले निष्कर्ष उलटे निघू शकतात.

पुण्यात असण्याचा एक मोठा फायदा आहे तो वापरा. ईएचआर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या स्टँडर्ड्सचं राष्ट्रीय केंद्र इथल्या सी-डॅकमध्येच आहे, एका हॉस्पिटलची नोंद दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये का उघडत नाही हे तिथल्या लोकांचे कागद वाचले की कळायला लागतं. शिरूर तालुक्यातल्या वढूला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राचं गावपातळीवरचं काम कितीतरी वर्षं चालू आहे, घरोघरच्या नोंदी वर्षानुवर्षं कशा ठेवायच्या हे त्यांच्या पेपर्समधनं शिकण्यासारखं आहे. कोथरूडची साथी ही संस्था लोकांच्या आरोग्य हक्कांच्या बाजूनं बघते, त्यांचं वाचलं की फक्त यंत्रणेच्या डोळ्यांनी बघायची सवय सुटते.

विश्लेषणाचं थोडक्यात. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, पंधरा वीस इंटरव्ह्यू एक्सेलमध्ये आरामात होतात. रेकॉर्डिंग मराठीतच शब्दशः उतरवून घ्या आणि कोडिंग, म्हणजे वाक्यांना विषयवार खुणा देणं, तेही मराठीवरच करा, पेपरसाठी भाषांतर शेवटी, तेही फक्त जी वाक्यं छापायचीत त्यांचंच. "करायचं म्हणून करतो" आणि "करावंच लागतं" या दोन वाक्यांत जो फरक आहे तो भाषांतरात आधीच सपाट झाला तर तुमच्या हातात काही उरत नाही. खर्चाचा हिशोब मात्र टाळू नका, अ‍ॅप फुकट असलं तरी टॅब, रिचार्ज, दुरुस्ती, ट्रेनिंगचे दिवस, आणि कर्मचाऱ्यांचा वेळ फुकट नसतो, आणि यातला किती खर्च सिस्टरच्या खिशातनं जातो हे वेगळ्या ओळीत लिहा. लिहिताना अंमलबजावणीच्या अभ्यासांसाठी २०१७ पासून स्टॅरी नावाची चेकलिस्ट आहे, तिचं वैशिष्ट्य असं की उपाय वेगळा आणि तो राबवायची पद्धत वेगळी असं दोन्ही लिहायला ती भाग पाडते. तुमच्या सुरुवातीच्या दोन रकान्यांशी ती छान जुळते.

शेवटचं काम म्हणजे परत जाऊन सांगणं, आणि हे थीसिस सबमिट झाल्यावर नाही, त्याच्या आधी करायचं. पीएचसीच्या मासिक मीटिंगमध्ये वैद्यकीय अधिकाऱ्यांकडनं वीस मिनिटं मागून घ्या, काय दिसलं ते मराठीत सांगा आणि "यात काय चुकलंय?" विचारा. त्या वीस मिनिटांत जे दुरुस्त होईल ते कुठलाच परीक्षक दुरुस्त करू शकत नाही. तिथं तपासून घेतलं की एक पानाचा कागद तयार करा, त्यात पीएचसी पातळीवर उद्यापासून काय बदलता येईल ते वेगळं, तालुका जिल्ह्याच्या हातात काय आहे ते वेगळं, आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांनी काय बदलायचं ते वेगळं. अ‍ॅपवाल्यांच्या भागात मोघम लिहू नका, "शोधताना नवऱ्याचं आणि वडिलांचं नाव दोन्ही दिसावं, सध्या एकच दिसतं, त्यामुळे एकाच बाईची दोनदा नोंद होते" इतकं नेमकं लिहा, आणि शेजारी त्या स्क्रीनचं हातानं काढलेलं चित्र जोडा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना एक प्रत, अ‍ॅपच्या टीमला एक, आणि ज्या ज्या उपकेंद्रात तुम्ही बसला होतात तिथल्या सिस्टरना आणि आशाताईंना प्रत्येकी एक.